अचानक तपासणी, आधी कळवून

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, निदान कुणी विचारलं तर तसंच सांगायचं ठरवलंय. कोपऱ्यावरची शाळा सोडून चिमीला भावोजींनी लांबच्या शाळेत घातलं आणि तिला पोचवून-आणून तुझे गुडघे धरले, हे वाचून वाईट वाटलं. शेकत जा. (नातीला शिस्त लागावी म्हणून आजीचे गुडघे कामाला लावायचे, हे त्यांनाच सुचावं.)

नवी नोकरी कशी आहे विचारतेस. बांधकाम खात्यावर नजर ठेवणारा मी स्वतंत्र निरीक्षक. स्वतंत्र म्हणजे खोली खात्याची, खुर्ची खात्याची, गाडी खात्याची आणि खात्याचे साहेब आपले भावोजी. अचानक तपासणीला जायचं तर गाडीसाठी कुठे आणि कशाला हे आधी लिहून द्यावं लागतं. त्यामुळे तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेचा नवा जिना अचानक तपासायला गेलो, तर दारात फलक: ‘अचानक तपासणीस येणाऱ्या साहेबांचे स्वागत’. जिन्यात भिंतीला लागून कुंड्याच कुंड्या. हलवा म्हटलं, तर कंत्राटदार म्हणाला, झाडांना आता जागेची सवय झालीय. हलवल्या. मागे माझा हात आत जाईल एवढे तडे.

अहवाल लिहिला. पण तो ज्यांच्याविरुद्ध असतो त्यांच्याच शेऱ्यासाठी आधी जातो, अशी इथली पद्धत. गेला तेव्हा ‘तडे’ होते, परत आला तेव्हा ‘रेषा’. मी पुन्हा तडे लिहिले, तर ‘नक्षी’ होऊन आले. तिसऱ्यांदा पाठवला, तर माझी खुर्चीच दुरुस्तीला गेली. (आता उभ्यानं नजर ठेवतो. जरा लांबचं दिसतं.)

घरचं भांडण चव्हाट्यावर नको, जिना चांगला आहे म्हणून मुकाट्यानं सही कर, असं तू लिहिलंस. ताई, त्या जिन्यावरून पोरं धावत उतरतात. पण तुझा शब्द मी कधी मोडलेला नाही. करतो सही.

तुझा,
धाकटा

ता. क. पेन उचललं आणि एक शंका आली. जिना बांधून झाला आणि लगेच चिमीचं नाव भावोजींनी त्या शाळेतून का काढलं? जेवायला बसले की सहज विचार आणि काय म्हणतात ते कळव. खरंच शिस्तीसाठी असेल, तर त्याच दिवशी सही करतो.

आ. ता. क. उत्तर खात्याच्या पत्त्यावर नको, शेरा मारून मिळेल. शाळेतच पाठव. तोवर वर्ग मैदानात भरतायत आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी बसून आहे. तशीही खुर्ची नाहीच.