दुखत न्हाई म्हणते

१२ जानेवारी, रविवार

योगिता संक्रांतीसाठी माहेरी आली. हातात नव्या बांगड्या, आणि उजव्या हातावर टूथपेस्टचा थर! माझ्यासारख्या आशा सेविकेची लेक — आणि भाजल्यावर टूथपेस्ट! हलकेच धुऊन काढली. खाली फोड. ते फोडले नाहीत, स्वच्छ पट्टी सैल बांधली. नुसतं लाल असतं तर काळजी नव्हती. पांढरं किंवा काळं पडलं की भाजणं खोल. तिथं दुखतही नाही, सरळ दवाखाना गाठायचा. पण फोड आलेलं सगळ्यांत जास्त ठणकतं. आणि ही म्हणते, "दुखत न्हाई गं आई."

कोणी धाक घातलाय हिला?

"तवा लागला," म्हणते. तवा लागला की माणूस हात झटकन ओढतं, बोटभर चटका बसतो. हे करंगळीपासून मनगटापर्यंत! हात दाबून धरल्याशिवाय असं भाजत नाही. डाव्या हातावरही जुने डाग.

१३ जानेवारी

आष्टीला, तिच्या सासूला फोन केला. रतनबाई म्हणाल्या, "आमी तर तिला चुलीपुढं बसूच देत न्हाई, विहीणबाई." मग भाजली कुठं? पुढंही काहीतरी सांगत होत्या; मी फोन ठेवून दिला. एवढा गोड आवाज मला कधीच पटला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. जावई हरिओमचा फोन आला. उचलला नाही.

१५ जानेवारी

पट्टी बदलताना माझ्याकडून जखम दाबली गेली. ती मोबाइल बघत होती! किती सोसलं असेल पोरीनं, की एवढं गिळायला शिकली!

रामहरी भाऊजी तर पेटलेच. "वहिनी, उद्या केजला ठाण्यात जाऊ. सोडायचं न्हाई त्यांना." योगितानं माझे पाय धरले. "आई, माझा संसार मोडू नको. कुणीच काय केलं न्हाई."

खोटं बोलते. सासूला वाचवते.

१६ जानेवारी

ठाण्यात गेलो नाही.

सकाळी मी नको म्हणत असताना भाकरी टाकायला बसली. बोलत होती, हसत होती. वास आला. "आई, काय करपतंय गं?" म्हणाली. तिचीच डावी बोटं तव्याच्या काठावर टेकलेली होती.

गार पाण्याखाली हात धरला. मग डोळे मिटायला लावून मनगटाजवळ कापूस फिरवला. "फिरव की," म्हणाली.

कुष्ठरोगाचे बधिर चट्टे घरोघर शोधत फिरते मी! औषधानं बरा होतो, हेही मीच सांगते लोकांना. आता अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघालोय. रतनबाईंना फोन लावला.

त्याच म्हणाल्या, "तिला कळतच न्हाई ना, विहीणबाई?"