तो मळ नोता

६ मे, दुपार
नातीनं, मंजूनं, आज कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केला. म्हणजे कंपनीनं ठरवून देल्ल्या चालीपेक्षा जोरात पळवाचा. मी म्हटलं, कायले? म्हणे, आजी, फुकटात स्पीड भेटते. मग टेस्ट लावली. टेस्ट म्हणजे दहा मिनिटं त्याच्याकून जीव जाईस्तोर काम करून घ्याचं अन् शेवटी मार्क द्याचे. मार्क वाढले. पोट्टी नाचली. पंखा मात्र पिठाच्या चक्कीवाणी बोंबलून राह्यला. आत घाण साचली असन. मार्क मले समजत नाई, घाण समजते.
ठराव: त्या खोलीत लुडबुड कराची नाई.

७ मे, सकाळी ११
मंजू क्लासले शेलूबाजारले. तिचा बाप रविकांत, माहा लेक, वावरात. लुडबुड नाई केली, फक्त झाडपूस. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण दोन स्क्रूवर, हातानंच फिरतात. बटन बंद करूनच उघडलं, मी येडी नाई. आत धूळच धूळ. खिट्टी उचलली त पंखा खालच्या पत्र्यासकट हातात आला. जुन्या ब्रशनं घासला. त्याच्याखाली एक चौकोनी चकती, तिच्यावर राखडी चिकट मळ. कोणी मलम लावून धुवाचं इसरलं असन. फडक्यानं पुसला. चकती चमच्यावाणी चमकली. जसं होतं तसं बसवलं. एक बी स्क्रू उरला नाई.
कोणाले सांगाचं नाई. चांगलं काम करून सांगत फिराचा माहा स्वभाव नाई.

७ मे, संध्याकाळ
कॉम्प्युटर पाच मिनिटं चालला अन् बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मंजू म्हणे, गरमी पंच्याण्णवच्या वर जाऊन राह्यली. स्पीड पयलेसारखी करून पाह्यली, तरी तेच. रडली. म्हणे, आजी, मीच जाळला त्याले. मी म्हटलं, ऊन चव्वेचाळीस हाय, माणसं बंद पडून राह्यले. हे काई खोटं नाई. ऊन चव्वेचाळीसच हाय.

८ मे
रविकांत तापला. जिले घरचा एक डबा सांभाळता येत नाई, तिले अकोल्याले डबे सुधराचा कोर्स शिकाले धाडू काय म्हणे. हार्डवेअरच्या कोर्सचा फॉर्म भरून पडला हाय, बापाची सही पायजे. वीस तारीख शेवटची. सही करत नाई म्हणाला. अन् डब्याले कोणी हात लावाचा नाई. मले विचारलं, माय, तू त नोती गेली त्या खोलीत? मी म्हटलं, मले टीव्हीचा रिमोट समजत नाई बाप्पा.
ठराव: उद्या सांगीन.

९ मे
सांगाले गेली. तो जेवून राह्यला होता. जेवत्या माणसाले असं सांगू नये.

१० मे
शनिवार. शनिवारी नको.

१२ मे
शेजारचा भागवत आला. लॅपटॉप अडकते, मंजूले विचाराचं होतं. गावातले सारे तिलेच विचारतात. मंजू खोलीच्या बाहेर येत नाई. म्हणून मीच सांगतलं, रॅम वाढव. म्हणे, किती? मी म्हटलं, परवडन तेवढी. म्हणे, काकू, गरम बी लय होते. मी म्हटलं, मंग आतली धूळ... अन् उठली. त्याले चहा पाजला.

१४ मे
रविकांतनं डबा जीपमंदी टाकून शेलूबाजारले शादाबच्या दुकानात नेला. शादाब म्हणे, काई जळलं नाई. प्रोसेसर अन् पंख्याच्या मधात पेस्ट असते, ती गरमी ओढून वर देते. ती कोणीतरी साफ पुसून टाकली. त्यानं नवी लावली, डबा चालू.
मले हायसं वाटलं. जळलंच नाई त माहा गुन्हा कोणता?
पण रविकांत मंजूवर गेला. उघडला तूच, अन् वरून तोंड वर करून खोटं बोलते? मंजू म्हणे, बाबा, मी पंख्याले हात बी नाई लावला. मंग भुतानं पुसली काय, म्हणे. मंजूनं माह्याकडे पाह्यलं. मी मेथी निवडून राह्यली होती. लय मन लावून.

१५ मे
देवापुढे बसून सारं सांगतलं. म्हणजे सांगणं झालं.
तसं पाह्यलं त चूक कंपनीची हाय. पुसू नये असं लिहाले पायजे होतं वर. मराठीत.

१६ मे
मंजू अर्धी भाकर खाऊन उठली. क्लासले बी गेली नाई. उरलेली अर्धी मी झाकून ठेवली.

१९ मे, संध्याकाळ
उद्या शेवटची तारीख. न सांगता काम होते काय ते पाह्यलं. म्हटलं, रविकांत, म्हाताऱ्या मायचा एक शब्द राख, कर सही. म्हणे, माय, कोर्सचं सोड, खोटारडी पोट्टी मी बाहेरगावी ठेवत नाई.
मंग सांगतलं. म्यां पुसली म्हणून.
हसला! म्हणे, नातीसाठी कायले आपल्या अंगावर घेतं? तुले रिमोट समजत नाई अन् तू प्रोसेसर उघडला?
मले असा राग आला. बारा दिवस छातीवर धोंडा घेऊन हिंडली, अन् हा हसते. उठली, खोलीत गेली. बटन बंद. दोन स्क्रू. खिट्टी. पंखा बाहेर. शादाबची नवीकोरी पेस्ट फडक्यानं पुसली अन् ते फडकं त्याच्या नाकापुढे धरलं. ही घे, म्हटलं, तुही भुताची पेस्ट.
रविकांत हसाचा थांबला. मंजू दारात उभी होती. तो तिच्याकडे पाहे ना. फॉर्म मांगतला, सही केली.

२० मे
फॉर्म गेला. डबा पुन्हा शादाबकडे. शादाबनं म्हणे हात जोडले.
मले वाटलं, मंजू गळ्यात पडन. एवढं कबूल करणारी आजी साऱ्या आसेगावात नाई. शिरा करून ठेवला होता. ती आली, म्हणे, आजी, बारा दिवस मी रडून राह्यली अन् तू पाहून राह्यली. मी म्हटलं, अवं, सांगणारच होती. म्हणे, कवा?
मी शिऱ्याची वाटी पुढे सरकवली.
शिरा खाल्ला तिनं. आपलं ताट घासलं. माहं ताट रोज तीच घासते, ते मोरीत तसंच ठेवलं.