कुंपणाच्या खड्ड्यातला कचरा

८ सप्टेंबर
मेंढ्या डोंगरावरून उतरल्या आणि इथे कुंपण आडवं. सिगवार्ट आला, बघितलं, तोंड वाकडं केलं. म्हणाला, आई, सिमेंट आणतो, खांब सिमेंटमध्ये उभे करू. म्हटलं, सिमेंट थडग्याला लागतं, मी अजून जमिनीच्या वर आहे. तर म्हणे, ठीक, पण वसंतात कुंपण उभं दिसलं नाही तर मेंढ्या माझ्याकडे नेणार. पोटचा पोरगा! मेंढ्या गेल्यावर मी काय खिडकीत बसून रस्ता मोजू? उद्या पहाटे सुरुवात.

९ सप्टेंबर
पाऊस. कंबर. परवा.

२२ सप्टेंबर
ज्युनिपरच्या झाडाचे खांब तोडून आणले. सासऱ्याने घातलेले खांब ज्युनिपरचेच होते, सासरा गेला तरी कितीतरी वर्षं उभे होते. खांबाचं खालचं टोक जाळून घ्यावं लागतं, कोळशाला कीड लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेकोटी पेटवली. तेवढ्यात टोरबोर्गचा फोन. टोरबोर्ग म्हणजे नणंद. माझा नवरा गेला, ती राहिली, शेजारी. तिला चार शब्द सुनावून बाहेर येते तो खांब जळून हातभर आखूड! सगळी चूक तिची. असो. जमिनीतलं कोण मोजतंय?

४ ऑक्टोबर
जुने खड्डे उकरले. आत नुसती खडी. नदीतली, गोल गोल, तळापासून वरपर्यंत. कुणी टाकला हा कचरा? सगळी उपसली. टोरबोर्ग बांधावरून बघत होतीच. म्हणाली, वहिनी, ती काढू नका, बाबांनी घातलीय. खडीतून पाणी निथळून जातं. चिकणमाती पाणी धरते, गोठली की फुगते आणि खांबाला वर ढकलते. म्हटलं, खांब काय दात आहे, वर यायला? म्हणाली, तुम्हाला नको तर मी नेऊ? म्हटलं, ने बाई, ने. माझा कचरा दुपारभर हातगाडीने वाहत होती. खुळी!
मी खड्ड्यांत घरची चिकणमाती भरली. पायाने तुडवली. दगडासारखी झाली. फुकट.

२ नोव्हेंबर
कुंपण एक नंबर. एक खांब हलतो. त्याचा स्वभावच तसा.

१७ जानेवारी
कडाक्याची थंडी. बर्फात काही दिसत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

९ मार्च
सिगवार्टचा फोन. कुंपण कसं आहे? म्हटलं, आधीपेक्षा उंच दिसतंय. फोन ठेवला. ठेवावाच लागला.

२६ एप्रिल
बर्फ वितळला. खांब वर आलेत. सगळे नाही, दोन जागेवर आहेत. बाकीचे मिरवणुकीतून पिऊन आल्यासारखे. रात्री रानातला एल्क येऊन अंग घासत असणार, मेला. घणाने ठोकले. या टोकाचा ठोकला की त्या टोकाचा वाकतो. टोरबोर्ग तिकडून बघत होती. आपल्या नव्या कुंपणाला टेकून. काय तो माज!

१७ मे
आज राष्ट्रीय दिन, झेंड्यांचा दिवस. मिरवणूक नेमकी माझ्या कुरणावरून जाते. बँड वाजला आणि माझा उरलासुरला खांब, वारा नाही काही नाही, तालावर आडवा झाला. शाळेच्या पोरांनी हुर्रे केलं. सिगवार्ट मिरवणुकीतच होता, टाय लावून. ओरडलाही नाही. त्याचाच जास्त संताप आला. दुपारी सगळ्या मेंढ्या टोरबोर्गच्या कुरणात घालून आला. म्हणे, आई, उन्हाळाभर डोंगरावर चरतील, उतरल्या की सरळ माझ्याकडे.

१९ मे
टोरबोर्गकडे गेले. भांडायलाच. मेंढ्या चरत होत्या. रोसाला हाक मारली. बाटलीने दूध पाजून वाढवलेली माझी रोसा! तिने मान वर केली, बघितलं, परत गवतात घातली. टोरबोर्ग म्हणाली, वहिनी, कॉफी ठेवलीय, आत या. म्हटलं, तुझी कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.
तिच्या कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी धरला. सगळा जोर लावून हलवला. तसूभर हलला नाही.
हलेल कसा? खाली माझी खडी आहे.