भिंतीवरची गाडी लागते

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांग. पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी कान पकडतो. (एकच पकडला आहे, दुसऱ्या हातात पेन आहे.) वहिनींचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. 'रोज तुमचीच चौकशी करतात, एकदा येऊन जा,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं, आणि ते वाचल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. पडून मोडलेलं कमरेचं हाड जुळलं का? उठून बसवतात का? अन्न गोड लागतं का? गोळ्या गिळतोस, की पूर्वीसारख्या उशीखाली सारतोस? फोन करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी मोठ्यानं बोललो की सूनबाईला वाटतं घराला आग लागली. म्हणून पत्र. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे. शाळेत मला ताप आला म्हणून तू हाताला धरून घरी आणलंस, त्यानंतर परत न्यायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तू सांभाळून घे.

मी अजून का आलो नाही, ते सांगतो, पण हसू नकोस. कमरेला हिसका बसेल. आधी माझा गुडघा आडवा आला. मग घरात सूनबाईला एकटीला कसं सोडायचं, हा प्रश्न पडला. (तिला विचारलं, तर म्हणाली, खुशाल सोडा.) मग गॅसचं बटण कोण बघणार, असं वाटलं. ही सगळी कारणं खरी आहेत, पण सगळ्यांत खरं हे की मला गाडी लागते. तू चालवत होतास तोवर तुझ्या शेजारी बसून मी कुठंही आलो. तू भाड्याची गाडी चालवणं सोडलंस, तेव्हापासून मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या पलीकडे गेलेलो नाही. पण दादा, आता घरबसल्या गाडी लागायला लागली आहे, आणि तीही तुझीच.

ती तुझी गाडी. अंगणात गंजतेय, घेऊन जा, असं म्हणून तू ती पुतण्याला देऊन टाकलीस. मला वाटलं, आमचे चिरंजीव ती दुरुस्त करतील. त्यानं कोंबडी सोलावी तशी ती सोलली. सुट्टीच्या दिवशी पाना घेऊन बसायचा आणि एकेक अवयव धुऊन पुसून गॅरेजच्या भिंतीवर ठोकायचा. याला सजावट म्हणतात म्हणे, मोठमोठे लोक करतात. मधोमध स्टेअरिंग. त्याच्यावर आतला आरसा. दोन्हीकडे हेडलाईट, ते बटण दाबलं की पेटतात आणि आपल्याकडेच बघतात. चाकांच्या चकचकीत टोप्या पाहुण्यांच्या ताटांसारख्या ओळीत. वायपरवर सूनबाई फडकी वाळत घालते, गिअरच्या दांड्याला किल्ल्या अडकवते. क्लच आणि ॲक्सिलरेटर खाली, बरोबर पायांच्या उंचीवर. आणि ब्रेकचं पेडल पार वर, छताला टेकून. मी म्हटलं, अरे, ब्रेक पायाला लागतो, डोक्याला काय करायचा? तर म्हणाला, "बाबा, तिथं जागा ओकीबोकी दिसत होती." हे सगळं इतकं देखणं झालं, की धक्का लागू नये म्हणून त्याची स्वतःची चालती गाडी आता बाहेर उन्हात उभी असते. म्हाताऱ्याला ओसरीत झोपवायचं आणि त्याचा फोटो पलंगावर ठेवायचा, त्यातली गत. तुझ्या गाडीची पुढची लांब सीट मात्र त्यानं मोडली नाही. भिंतीसमोर ठेवून तिचा सोफा केला. काकांची आठवण, असं म्हणतो. (त्याचं मन चांगलं आहे, हात तेवढे वाईट.)

गॅरेज थंड असतं म्हणून दुपारी जेवण झालं की मी त्या सीटवर टेकतो. माझ्या नेहमीच्या बाजूला. तुझी बाजू रिकामी. एका दुपारी डोळा लागणार, एवढ्यात स्टेअरिंग डावीकडे वळलं आणि सावकाश सरळ झालं. मी चिरंजीवांना सांगितलं, त्यानं ते काढून चार जाड स्क्रूंनी परत आवळलं आणि म्हणाला, आता भूकंपातसुद्धा हलणार नाही. दुसऱ्या दुपारी ते उजवीकडे वळलं. भूकंप झाला नव्हता, मी शेजारी विचारून आलो. मग तोंडाला पाणी सुटलं, कानशिलं गार पडली, आणि पुढचं तुला माहीत आहे. बादली हाताशी होती म्हणून अब्रू वाचली. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. दादा, पित्त कुठलं आणि गाडी लागणं कुठलं, हे मला कळत नाही का? याच एका विषयात मी शिकलेला आहे. गाडी भिंतीला लागली आणि भिंत मला लागली.

आता जे लिहितो ते वहिनी वाचून दाखवत असतील तर त्यांनी जरा हळू वाचावं. तुझ्या घरची वाट मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. निघालो की डोळे मिटायचे आणि तू उतर म्हणालास की उघडायचे. ती वाट मला पोटानं माहीत आहे. चुनाभट्टीपाशी डावीकडे वळण, तिथं पहिली मळमळ. रेल्वेचं फाटक, दोन हिसके. मग फरशा बसवलेला रस्ता, तिथं दात वाजतात. मग उजवीकडचं लांब वळण, तिथं तू काच खाली करायचास. तेच सगळं, त्याच क्रमानं, दादा. आज जिथं झोप मोडते, तिथून पुढं उद्या सुरू होतं. मग एकदा गारवा लागला आणि तुझ्याकडच्या वहाळाच्या पाण्याचा वास आला. आमच्या गॅरेजात तेलाशिवाय कशाचा वास येत नाही. आरशात मागचं कपाट दिसायला हवं. मी एकदाच किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. कपाट नव्हतं. झाडं होती, मागं मागं जात लहान होणारी.

मला भ्रम झाला असेल, म्हणून खात्री करायला शेजारच्या शिंप्याला बोलावलं. हा गृहस्थ देवावरही माप घेतल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. त्याला काही सांगितलं नाही, नुसतं बसा म्हटलं. तो तुझ्या बाजूला टेकला, लगेच उठला आणि मधे सरकून मला खेटून बसला. पुढं तिघे बसलेले असले की बसतात तसा, खांदा आखडून. मी म्हटलं, जागा आहे की तिकडे. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं पेंगला आणि दचकून जागा होत मला विचारलं, "पूल गेला का?" आमच्या गावाला पूल नाही. तुझ्या वाटेवर आहे, आणि तो, दादा, तेव्हा नुकताच गेला होता. शिंपी चप्पल न घालता घरी गेला तो परत फिरकला नाही. माझी उसवलेली पँट त्याच्याकडेच अडकली आहे, मागायला जायची सोय उरली नाही.

त्यानंतर मी तुझ्या बाजूला बघायचं सोडलं आहे. पण कडेनं दिसतं ते दिसतं. मी बसलो की थोड्या वेळानं तिकडचं रेक्झिन दबतं, बूड टेकल्यासारखं, आणि जुन्या स्प्रिंगा तुझ्या वजनाला करायच्या तशा कुरकुरतात. चिरंजीव म्हणतात, सीट जुनी आहे, बाबा. सूनबाई म्हणते, मी हे सगळं उतरवायला लावते, तुम्ही जीव घाबरा करून घेऊ नका. मी नको म्हणालो. अर्ध्या वाटेत गाडी मोडून कसं चालेल? आतला माणूस कुठं जाईल?

तर एवढं सगळं लिहिण्याचं कारण हेच, की धाकटा येत नाही असा बोल लावू नकोस. धाकटा निघालेला आहे. पूल गेला, चढ संपला, आता तुझ्या गल्लीचं वळण तेवढं राहिलं आहे. वहिनींना नमस्कार, आणि तुमच्या अंगणाच्या फाटकासमोर कोणी बसत उठत असेल तर काही दिवस बसू नये म्हणावं.

तुझा,
धाकटा

ता. क. पुतण्या तुझं ऐकतो. त्याला चार शब्द लिहून ब्रेक खाली घ्यायला सांग. मी स्टुलावर चढून पाहिलं, हात पोचतो, पण हातानं ब्रेक लागत नाही.

आणखी ता. क. हे वहिनींनी मोठ्यानं वाचू नये, तुझ्या हातात द्यावं. रविवारी चिरंजीव मला तिकडे आणायला तयार आहे, गाडी दारात आहे. मीच गुडघा पुढं केला. गुडघा ठणठणीत आहे. तू आडवा पडलेला मला बघवणार नाही, म्हणून मी येत नाही. इथं निदान तू बसलेला तरी असतोस. पण तू इथं असशील, तर तिथं खाटेवर कोण आहे, हे मनात आलं की भरल्या ताटावरून उठतो. तेव्हा एवढं कर. वहिनींच्या हातचं नको, तुझ्या हातचं एक कार्ड पाठव. 'आहे' एवढंच लिही. वाकडंतिकडं चालेल. मग मी डोळे मिटून रविवारी येतो.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवायला इथंच सीटवर बसलो होतो. गाडी थांबली. हिसका नाही, काही नाही, दारात आल्यावर तू उताराला सोडून अलगद उभी करायचास तशी. शेजारचं रेक्झिन सावकाश वर आलं. दर वेळी तू म्हणायचास, आलं रे, उतर. या वेळी कोणी काही म्हणालं नाही. घरात फोन वाजतो आहे, तो सूनबाई घेईल. मला फोनवरचं काही नको, तुझ्या हातचंच हवं. मी अजून डोळे मिटूनच लिहितो आहे, म्हणून ओळ वर गेली असेल. उतरू का बसून राहू, तेवढं लवकर कळव.