आईच्या पाण्यावरचं अळू

प्रिय हिरामावशी,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला पत्र लिहायचा प्रश्नच आला नाही. मी पोस्टात काउंटरला बसणारी, जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले. मधले तीन रविवार चुकले होते. काल रविवारी नेहमीसारखी वृद्धाश्रमात गेले, तर कामावर आलीस की तू पिशवी अडकवायचीस त्या खुंटीवर दुसऱ्याच बाईची पिशवी. चौकशी केली तेव्हा कळलं, तुझं तेरावंसुद्धा होऊन गेलं. मला कुणी कळवलं नाही. नेऱ्याच्या पुढचं तुझं गाव नवीन पनवेलपासून असं किती लांब आहे गं?

खरं तर राग काढायला म्हणून लिहायला बसले. दोन महिन्यांपूर्वी तू मिसरी सोडलीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. विचारलं तर म्हणालीस, ‘‘पोटात जरा दुकतंय, जुना हाय.’’ दुसऱ्याचं दुखणं चेहऱ्यावरून ओळखणारी तू, स्वतःचं एवढं लपवून का ठेवलंस?

आईला आश्रमात ठेवलं ते दिवस आठवतात. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मी जिन्यात दिसले की बोलायच्या थांबत. मी एकटी, सकाळी साडेआठला कुलूप लावून निघणारी. आई दोनदा गॅस उघडा ठेवून झोपली होती. तिसऱ्यांदा काय झालं असतं, ते त्या बायकांना विचारायला हवं होतं, पण तेवढी धिटाई तेव्हा माझ्यात नव्हती. तू पहिल्याच दिवशी मला ‘‘ए बाय’’ अशी हाक मारलीस आणि म्हणालीस, ‘‘रडायचा आसंल तर पयलं पानी पी.’’ मी वर्षभर तुला ‘अहो मावशी’ म्हणत होते. तू मात्र सगळ्यांना अरेतुरेच. व्यवस्थापकांनासुद्धा.

आई माझं नाव विसरली, पण तुळशीला पाणी घालायचं विसरली नाही. विसरायची ते पाणी घातल्याचं. तांब्या भरायची, घालायची, चार पावलं गेली की पुन्हा नळाकडे. दिवसातून तीस-चाळीस खेपा. अंगणातल्या तीन तुळशी कुजल्या, आणि प्रत्येक तुळस गेली की ती घरातलं माणूस गेल्यासारखी बसून राहायची. व्हरांडा कायम ओला. त्यात एक आजी घसरल्या, मनगट मोडलं. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘महिनाभरात हे थांबलं नाही, तर आईंना घरी घेऊन जा.’’

घरी म्हणजे कुठे? बंद कुलपाआड? त्या आठवड्यात मी काय केलं, ते तुला माहीत आहे. तरी आज लिहिते, कारण आजवर तोंडाने कबूल केलेलं नाही. आधी मी आईच्या हातातून तांब्या हिसकावला. ओढाताणीत तिची बांगडी फुटली. मग मुंबईहून प्लॅस्टिकचं झाड आणलं, हिरवंगार, कुंडीसकट. मला वाटलं, घालू दे किती पाणी घालायचं ते, निदान मरणार तर नाही.

आईने पाणी घातलं. मग एक पान चिमटीत चुरगळून बोटांचा वास घेतला. माझ्याकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही. व्हरांडा कोरडा झाला, व्यवस्थापक खूश झाले. पण आई जेवायची थांबली. तू घास भरवायला गेलीस की ती भिंतीकडे तोंड करायची.

पाचव्या दिवशी तू मला फाटकातच गाठलंस. ‘‘ए बाय, तिला पानी घालू नको, पानी घालू नको, ह्याच काय बोलत बसलाव तुमी? पानी पिनारा झाड द्या ना तिला.’’

दुसऱ्या दिवशी तू घरच्या परसातून अळूचे कांदे पदराच्या ओटीत घालून आणलेस. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी बाहेर येतं, तिथे मागच्या अंगाला कुदळ मारून वाफा केलास. आईला हाताला धरून नेलंस, तिच्या हाताने कांदे लावून घेतलेस. मी मध्येच शहाणपणा केला, ‘‘मावशी, तिला जमिनीवर बसवू नका, कपडे खराब होतील.’’ तू तिच्या हातात पुढचा कांदा दिलास. आईच्या नखांत माती गेली होती आणि ती हात धुवायला तयार नव्हती. त्या रात्री ती वरणभात जेवली, असं तूच मला नंतर सांगितलंस.

मग ती होती आणि तिचं अळू होतं. चाळीस खेपा घाल नाहीतर पन्नास, अळू आपलं पीतच राहायचं. महिना संपला तेव्हा व्यवस्थापक मागच्या अंगणात येऊन नुसते बघून गेले. आईला घरी न्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पहिली पानं कापली त्या दिवशी तर कमालच झाली. माझं नाव न आठवणारी माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आचाऱ्याला दटावत होती, ‘‘चिंच घातलीस का? घसा खाजेल सगळ्यांचा.’’ देठ सोलायला ती बसली, म्हणून आणखी चौघी बसल्या. मुंबईहून पाहणीला आलेली एक शिकलेली मुलगी हे बघून म्हणाली, याला बागकामातून उपचार म्हणतात. तू मला हळूच विचारलंस, ‘‘उपचार म्हंजे काय गं?’’ मी सांगितल्यावर म्हणालीस, ‘‘आमी त्याला काम बोलतो.’’

मनातून मात्र मला ते सगळं खोटंच वाटत होतं, मावशी. मोरीचं पाणी तर वाफ्याला आपोआप मिळतंय, आईच्या तांब्यावाचून अळूचं काय अडलंय? म्हातारीला गुंतवून ठेवायची युक्ती, एवढंच. एकदा चिडून मी तुला म्हणालेसुद्धा, ‘‘दिवसभर नुसतं पाणी ओतत राहायचं, हे काय जगणं झालं?’’ तू दाताला मिसरी लावत राहिलीस.

आई पुढच्या वैशाखात गेली. बारावं झाल्यावर मी तिची ट्रंक न्यायला आले. तू मला आधी मागे घेऊन गेलीस. अळूने मान टाकली होती, पानं मातीला टेकली होती. मी म्हणाले, ‘‘असं कसं झालं? मोरी तर इथेच आहे.’’

‘‘मोरीचा पानी मी पयल्याच दिशी पलीकडं वलीवला, केळीकडं,’’ तू म्हणालीस. ‘‘नाय तं तिनं घातला काय न् नाय घातला काय, सारकाच. ह्यो अलू तिच्या जिवावर व्हता. धा दिस मी घातला. काल-परवा मुद्दाम नाय घातला. मी मनात बोल्ली, तुला बघू दे, तुजी आई दिसभर काय करीत व्हती ते.’’

आणि आईचा तांब्या माझ्या हातात दिलास.

माणसाने इतकं खरं असावं का गं? मी माझ्या आईला प्लॅस्टिकचं झाड दिलं, आणि तू तिला असं झाड दिलंस जे ती नसती तर वाळलं असतं. मी वाफ्यापाशी उकिडवी बसून रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. तू रडू दिलंस, मग म्हणालीस, ‘‘घाल आता.’’ संध्याकाळपर्यंत पानं उभी राहिली, आणि दर रविवारी यायची सवय मला तेव्हापासून लागली.

पुढे तो तांब्या तू पाटीलकाकांना दिलास. तळोज्याच्या कारखान्यात सगळं आयुष्य काढलेला माणूस, अर्धांगानंतर एक हात लुळा, आणि रोज दुपारी तीन वाजता ‘शिफ्टला उशीर होतोय’ म्हणून फाटकाकडे धावायचे. सगळे त्यांना अडवत होते. तू त्यांच्या चांगल्या हातात तांब्या दिलास आणि कामावर हजर करून घेतलंस.

काल तीन वाजता ते वाफ्याशी उभे होते. मला म्हणाले, ‘‘मावशी रजेवर आहेत वाटतं.’’ मला खरं सांगवलं नाही. मी ‘हो’ म्हणाले. ते म्हणाले, ‘‘हरकत नाही, मी सांभाळतो.’’

काल निघताना नवे व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या आठवड्यात प्लंबर येतोय, मोरीचा पाइप अळूच्या वाफ्यात सोडू, म्हणजे पाटीलकाकांचे हेलपाटे वाचतील. माणूस चांगला आहे. मीही एके काळी अशीच चांगली होते. त्यांना मी तुझी सगळी गोष्ट सांगितली. ‘‘बघू,’’ म्हणाले.

प्लंबर येईल त्या दिवशी मी रजा टाकली आहे. ओळंबणारी पानं दाखवावी लागली तर तीही दाखवीन, तू मला दाखवलीस तशी. पण मावशी, शब्द देते, मोरीचं पाणी केळीकडेच जाईल.

तुझीच,
बाय