पाटसचा शोएब काय लिहितो

७८६
शिरूर, १२ नोव्हेंबर १९९६

चि. इनुसभाऊ यास थोरल्या बहिणीचा, सुगराबीचा सलाम. पोरांना दुआ. वि. वि.

तहमीनासाठी आलेलं पाटसच्या शोएबचं स्थळ माझ्या मनाला पटेना. देणंघेणं नको, घाई नाही, पोर पुढे शिकली तरी चालेल म्हणतात. इतकं सरळ कुठं असतं का? त्यात बांगडीवाली सांगून गेली की, जुम्म्याच्या नमाजानंतर त्याच्या ओट्यावर बायका जमतात, हळूच काही सांगतात, तो कागदावर लिहून देतो आणि त्या घडी पदराला बांधून नेतात. तावीज-गंड्याचं घर असेल तर मला पोर द्यायची नाही. थोरलीच्या सासरी पाणी फुंकत बसले, दवाखाना केला नाही आणि माझा नातू गेला. दौंडहून पाटस जवळ आहे, तू जाऊन बघ.

हे पत्र तहमीनाच लिहिते आहे, मला दुसरं कोण आहे? तिचं तोंड उतरलं आहे. हेही लिही म्हटलं, तर लिहिलं. हात काही थांबला नाही.

माया असू दे.
सुगराबी

७८६
दौंड, २४ नोव्हेंबर १९९६

ती. सुगराआपांस इनुसचा सलाम. वि. वि.

पाटसला जाऊन आलो. तावीज नाहीत, पत्रं आहेत. कुणाचा नवरा भिवंडीला, कुणाचा पोरगा सौदीला. बायका आपल्या बोलीत सांगतात, हा मराठीत उतरवतो.

तरी संशय फिटला नाही. सगळ्या गल्लीची भांडणं ज्याच्या पोटात, तो उद्या आपली चव्हाट्यावर आणणार नाही कशावरून? म्हणून चहा पाजून गोडीत विचारलं, शेजारीण काय लिहून घेते? हसून म्हणाला, घडी घातली की माझ्या ध्यानात राहात न्हाई. दुसऱ्या चहालाही तेच. इतका आतल्या गाठीचा माणूस बरा नव्हे. माझं मत नकाराचं.

राग नसावा, लोभ असावा.
इनुस

७८६
शिरूर, १ डिसेंबर १९९६

चि. इनुसभाऊ यास सलाम. वि. वि.

तुझं पत्र तहमीनाने वाचून दाखवलं. पोरीच्या मनात स्थळ भरलं आहे, हे मला दिसतं. नकाराचं ती गाळेल किंवा फिरवेल असा माझा संशय. म्हणून तिच्या माघारी तेच पत्र शेजारच्या भाग्यश्रीकडून वाचून घेतलं. नकार जसाच्या तसा. पोरीने एक शब्द गाळला नव्हता. भाऊ, मला फार लाज वाटली.

तू ज्याला आतली गाठ म्हणतोस, ती दुसऱ्याच्या शब्दाशी इमान राखायची गाठ माझ्या घरातही आहे. दोन्ही एका घरात नांदू देत. पाटसला होकार कळव.

आता मात्र लिहिता लिहिता पोरीचा हात थांबला आहे. हेही लिही म्हटलं, तर ऐकत नव्हती.

अशीच आठवण ठेव.
सुगराबी