नव्या भांड्याच्या सांध्यात शिसे नसावे

मी, एलादियो बांगेरा ओकोरो, वय वर्षे सव्वीस, शिक्षण पाचवी पास, धंदा उसाची दारू म्हणजे विचे गाळणे, राहणार एल कारिसाल, तिंबिकी नदीचा डावा काठ, शुद्धीवर राहून आणि कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. डोके ठीक आहे. हात ठीक नाहीत. मनगटापासून खाली ते लोंबतात, म्हणून पेन दोन बोटांना सुतळीने बांधले आहे. बोटे माझीच आहेत हे मला बघून कळते. अक्षर वाकडे असेल, पण प्रत्येक शब्द दोनदा तपासला आहे.

मंगळवारच्या बोटीने मला काली शहरातल्या इस्पितळात नेणार आहेत. मूत्रपिंडे काम करत नाहीत. परत येईन का, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

लिहिण्याचे कारण असे. आमच्याकडे जिवंत माणसाचे फारसे कोणी ऐकत नाही, मेलेल्याचे ऐकतात. मेलेल्यासाठी घरात वेदी मांडून नऊ रात्री गातात, नवव्या रात्री ती उतरवून त्याला निरोप देतात, आणि त्याची इच्छा राहिली असेल तर तो उंबऱ्यावरून हलत नाही. चार महिने मावशीला जे सांगतो आहे, ते ती निदान त्या रात्री ऐकेल.

कलम १. घर मावशीचे, पास्तोरा ओकोरो हिचे आहे. तिने मला आणि बहीण नेलसीला वाढवले. मागच्या पडवीच्या अकरा फळ्या मी बसवल्या, त्याही तिच्याच. तिसरी फळी हलते, हे मला ठाऊक आहे.

कलम २. वडिलांचे फेकजाळे नेलसीच्या नवऱ्याला द्यावे. त्याला आधीच सांगावे की हे जाळे बुडत नाही. कडेच्या शिशाच्या गोळ्या मी तीन वर्षांपूर्वी काढून घेतल्या. त्याने लोखंडी नट बांधावेत.

कलम ३. माझी फूटपट्टी नेवार्दो ग्रुएसो याला द्यावी. तो बोट चालवतो आणि दहा वर्षे मला मापाड्या म्हणतो. त्याची बोट डावीकडे दोन बोटे कललेली आहे. त्याने मोजून बघावे.

कलम ४. जुने भांडे. हे तांब्याचे भांडे, झाकण आणि वेटोळी नळी मावशीच्या आईची. झाकणाचा आणि नळीचा सांधा दर खेपेला कच्च्या केळीच्या पिठाने लिंपायचा आणि नंतर खरवडायचा, अशी रीत. लिंपण तडकून थोडी वाफ जायची. मला ते बघवत नसे. मी जाळ्याचे शिसे वितळवले आणि सांधा कायमचा बंद केला. वाफ थांबली. मावशी शेजारणींना बोलावून म्हणाली, "बघा गं, सोनाराचा हात आहे पोराचा."

पहिली धार कुठे तोडायची हे चाखून ठरवणे माझे काम. तीन वर्षे प्रत्येक खेप मीच चाखली. मग पोट दुखू लागले. पोटदुखीवर मावशीने औषध दिले, त्याच विचेत भिजवलेला पाला. दुखणे वाढले, तिने पेला मोठा केला. इस्पितळात रक्त तपासले तेव्हा शिसे निघाले.

मी घरी येऊन सांगितले. मावशी म्हणाली, "माझ्या आईचं भांडं आहे ते. चाळीस वर्षं त्यातलंच पितेय मी, मला काय झालं?"

"तू फक्त ओठ ओले करतेस, मावशी. आणि शिसं तीन वर्षांपूर्वीचं आहे."

"मग तुझं शिसं वाईट. भांड्याला नाव ठेवू नकोस."

हे भांडे, झाकण आणि नळी तोडून टाकावी. विकू नये, कोणाला देऊ नये, कोंबड्यांना पाणी पाजायलाही ठेवू नये. ते तुटेपर्यंत माझी वेदी उतरवू नये. आमचे विचे पिणाऱ्या ज्या कोणाचे पोट दुखत असेल त्याने रक्त तपासून घ्यावे.

कलम ५. नवे भांडे. डब्यात साठवलेले माझे सगळे पैसे यासाठी आहेत, दुसऱ्या कशासाठीही नाहीत, माझ्या शवपेटीसाठीसुद्धा नाहीत. भांडे मावशीच्या नावाने घ्यावे. तांब्याचे घ्यावे, नाहीतर अन्नासाठीच्या स्टेनलेस स्टीलचे. ॲल्युमिनियम नको. जस्ताचा मुलामा नको. गाडीचा रेडिएटर नळी म्हणून लावू नये, त्याचे सांधे शिशाचे असतात. रबरी किंवा प्लास्टिकची नळी नको. सांधे कशाने जोडले हे कारागिराला विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. तो हसला तर दुसऱ्याकडे जावे.

तेओदुलो वेल्डरकडे जाऊच नये. त्याने मला निळे पिंप दाखवले होते. यात काय होतं, असे मी विचारले. "जे होतं ते गेलं रे आता," तो म्हणाला, "आत पेंढा जाळ, वासही जाईल." पिंपात आधी काय होते हे सांगता येत नसेल, तर ते कितीही धुतले तरी घेऊ नये.

नळी अंगठ्याएवढी रुंद हवी, सगळी उतरती, मध्ये कुठे झडप किंवा बूच नको. भांडे पाऊणच भरावे. धार पडते ते पातेले जाळापासून लांब ठेवावे. पहिल्यांदा नुसते पाणी आणि व्हिनेगर उकळावे, नंतरची पहिली खेप फेकून द्यावी. आणि झाकण बांधू नये, जखडू नये. केळीच्या पिठाने लिंपावे. नळी तुंबली तर लिंपण आधी सुटते, भांडे फुटत नाही. आजीला हे माहीत होते. मी त्याला गळती समजलो.

कलम ६. बाकी सगळे मी मावशीला सांगितले आहे, हे नाही. मागच्या वर्षी नेलसीचे बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेले. आम्ही रीतीप्रमाणे गाणी म्हटली, छोटी पेटी हातोहात झुलवली. लहानग्यासाठी रडायचे नसते, कोणी रडले नाही. पोटाला ऊब म्हणून नेलसी रोज सकाळी मावशीच्या बाटलीतले घेत होती. बाटली त्याच भांड्यातल्या विचेची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यामुळेच असे म्हणता येत नाही. मी म्हणतो. शिसे मी लावले. मावशीने फक्त ओतले.

नेलसीला पुन्हा पाचवा महिना आहे. मावशीने नवी बाटली भरून खाटेखाली ठेवली आहे. रविवारी ती नेवार्दोच्या बोटीने नेलसीकडे जाणार आहे. माझ्या हातांनी बूचसुद्धा निघत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. सह्यांआधी मजकूर साक्षीदारांसमोर वाचावा लागतो, म्हणून शाळेच्या दोमितिलाबाईंनी तो वाचला. मावशी ताटात शेवंड सोलत होती. भांड्याचे कलम आले तेव्हा म्हणाली, "झालं, परत तेच." सहाव्या कलमाला बाई थांबल्या.

"वाच की."

"इथं शाई पसरलीय, पास्तोराबाई."

"मला अक्षर येत नाही, दोमितिला. पण थांबलेलं कळतं. वाच."

बाईंनी वाचले. मावशीने हात पुसले. मला म्हणाली, "चार महिने भांडं भांडं करत होतास. हे का नाही सांगितलंस?"

"तू ओतलंस म्हणून."

ती उठून मागे गेली. कोयत्याचे घाव ऐकू आले. मी मोजले, चौदा. नेवार्दो खिडकीतून बघून हळूच म्हणाला, "नळीपण गेली." मग मावशी खाटेखालची बाटली घेऊन दारात उभी राहिली. "नदीत नको ना?"

"नको. राखेत."

तिने राखेत ओतली.

म्हणून कलम ४ मधले तोडण्याचे काम माझ्या हयातीतच झाले आहे, आणि वेदीची अट मी मागे घेतो. कलम ६ ज्यांना कळायचे त्यांना कळले. नेलसीला मावशी स्वतः जाऊन सांगणार आहे, रविवारी, रिकाम्या हाताने. कलम ५ तेवढे उरले. ते पाळतील असे वाटते. नवव्या रात्री उंबऱ्यावर थांबायला मला आता काही कारण नाही.

सही: एलादियो बांगेरा ओकोरो

साक्षीदार १: दोमितिला सिनिस्तेरा, शिक्षिका. मजकूर मी पूर्ण वाचला.

साक्षीदार २: नेवार्दो ग्रुएसो. बोट मोजली. कल दीडच बोट आहे.

पास्तोरा ओकोरो, साक्षीदार नव्हे, ऐकले म्हणून अंगठा. अंगठ्याला शाई लावावी लागली नाही, जुन्या भांड्याची काजळी होती.

ठिकाण: एल कारिसाल. गुरुवार, १४ मार्च २०१९.